घरातला एअर फिल्टर निवडण्याआधी आपली हवा ओळखा

हवेचा निर्देशांक चढल्याची बातमी आली की घराघरांत एअर प्युरिफायर घेण्याचा विचार सुरू होतो आणि दोन-चार दिवसांत त्या विचाराचा गोंधळ होतो. खोक्यावर ‘हेपा’ लिहिलेले असते, ‘९९.९७ टक्के’ असा आकडा असतो, ‘मर्व्ह १३’ असते, ‘सीएडीआर’ असते, कोळशाच्या थराचा उल्लेख असतो. परंतु यांपैकी कशाचा आपल्या खिडकीबाहेरच्या हवेशी संबंध आहे आणि कशाचा नाही, हे त्यावर कुठेच लिहिलेले नसते. ते लिहिता येणारही नाही, कारण छापलेला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो आणि श्वास मात्र आपल्याला आपल्याच खोलीत घ्यायचा असतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, आधी आपल्या हवेत काय आहे ते पाहावे, मग आपली खोली किती मोठी आणि किती गळकी आहे ते पाहावे, आणि यंत्राकडे सर्वांत शेवटी वळावे.

## हवेत तरंगते काय?

हवेतला कचरा दोन प्रकारचा असतो: कण आणि वायू. कण म्हणजे घन किंवा द्रव पदार्थाचे अतिसूक्ष्म तुकडे, तर वायू म्हणजे सुटे रेणू. कणांचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. परागकण बहुधा १० ते १०० मायक्रॉनचे असतात, रस्त्यावरून किंवा बांधकामावरून उडणाऱ्या धुळीचा मोठा भाग २.५ मायक्रॉनपेक्षा जाड असतो, आणि लाकूड, पालापाचोळा, कोळसा किंवा डिझेल जळताना बाहेर पडणारे कण मात्र बहुतांशी १ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. बातम्यांत येणारे ‘पीएम १०’ आणि ‘पीएम २.५’ हे शब्द याच मोजमापावरून आले आहेत. एक घनमीटर हवेत १० मायक्रॉन व त्याहून लहान कण मिळून जितक्या वजनाचे असतात तो आकडा पीएम १०, आणि त्यांतल्याच २.५ मायक्रॉन व त्याहून लहान कणांचे वजन म्हणजे पीएम २.५.

दुपारी खिडकीच्या फटीतून कवडसा पडला की त्यात नाचणारी धूळ दिसते आणि हवा घाण आहे असे वाटते. वास्तविक डोळ्यांना दिसणारे ते कण मोठे असतात, नाकात आणि घशात बरेचसे अडतात आणि लवकर खालीही बसतात. शांत हवेत १० मायक्रॉनचा कण छतापासून जमिनीपर्यंत साधारण पाव तासात उतरतो, तर तेवढेच अंतर उतरायला १ मायक्रॉनच्या कणाला जवळपास पूर्ण दिवस लागतो. जे कण दिसत नाहीत तेच हवेत टिकून राहतात आणि फुप्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचे प्रदूषण, आणि स्वतंत्रपणे त्यातले सूक्ष्मकण, यांची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्यांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम यांच्या वर जाऊ नये.

## एकच निर्देशांक, वेगवेगळी हवा

हवेचा निर्देशांक हा मोजलेला पदार्थ नव्हे, तो काढलेला गुण आहे. बहुतेक देशांत पीएम २.५, पीएम १०, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड अशा प्रत्येक घटकाला आधी वेगळा गुण दिला जातो आणि त्यांतला सर्वांत वाईट गुण हाच त्या दिवसाचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. प्रगतिपुस्तकात ज्या विषयात विद्यार्थी सर्वांत मागे आहे त्याच विषयाचे गुण दाराबाहेर लावावेत, तसे. त्यामुळे १८० हा निर्देशांक एका गावी वाळवंटी धुळीमुळे, दुसऱ्या गावी वणव्याच्या धुरामुळे आणि तिसऱ्या गावी दुपारच्या ओझोनमुळे असू शकतो. या तिन्ही हवांना लागणारे फिल्टर एकसारखे नसतात. शिवाय देशादेशांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असल्याने एका देशातला १८० दुसऱ्या देशातल्या १८० शी ताडून पाहता येत नाही.

म्हणून जवळच्या मोजणी केंद्राचे सुटे आकडे पाहावेत, आणि एका दिवसाचे न पाहता निरनिराळ्या ऋतूंमधले पाहावेत. पीएम १० हा पीएम २.५ च्या तिप्पट-चौपट असेल तर हवेत मुख्यतः धूळ आहे. पीएम २.५ हाच पीएम १० चा बहुतांश भाग असेल तर कुठेतरी काहीतरी जळते आहे, मग ते इंजिन असो, चूल असो वा शेतातला काडीकचरा. सकाळ-संध्याकाळ नायट्रोजन डायऑक्साइड वाढत असेल तर वाहनांकडे बोट जाते, आणि ओझोन उन्हात तयार होत असल्यामुळे दुपारी चढून रात्री उतरतो. हा अर्ध्या तासाचा अभ्यास मला यंत्राच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

## फिल्टर ही चाळणी नव्हे

चाळणीत छिद्रापेक्षा मोठे ते वर राहते आणि लहान ते खाली पडते. फिल्टरचेही तसेच असावे असे वाटते, आणि म्हणूनच ‘हेपा ०.३ मायक्रॉनपर्यंत पकडतो, मग त्याहून लहान कणांचे काय?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रत्यक्षात फिल्टर हे तंतूंचे दाट रान असते आणि तंतूंमधल्या वाटा कणांच्या मानाने बऱ्याच रुंद असतात. हवा या तंतूंना वळसे घालत पुढे जाते. जड कणाला हवेबरोबर वळता येत नाही, तो वेगाच्या भरात सरळ जाऊन तंतूवर आपटतो. मध्यम कण हवेबरोबर वळतो, परंतु तंतूच्या फार जवळून गेला तर त्याला घासून चिकटतो. अगदी लहान कणाला हवेचे रेणू सतत धक्के देत असतात, त्यामुळे तो सरळ जाऊच शकत नाही, चिलटासारखा इकडेतिकडे भरकटत राहतो आणि भरकटता भरकटता कुठल्या तरी तंतूला लागतो. इतक्या लहान कणाला एकदा तंतू लागला की तो सुटत नाही.

निसटण्याची सर्वाधिक संधी मिळते ती मधल्याला, म्हणजे आपटण्याइतका जड नसलेल्या आणि भरकटण्याइतका हलका नसलेल्या कणाला. त्याचा आकार साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपास असतो. हेपाची चाचणी ०.३ मायक्रॉनवर घेतात ती याच कारणाने: सर्वांत अवघड कणावर जो उत्तीर्ण झाला, तो त्याहून लहान आणि मोठ्या कणांवर अधिकच चांगला ठरतो. या फिल्टरचा जन्मही मोठ्या निकडीतून झाला. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात हवेतले किरणोत्सारी कण अडवायला तो विकसित करण्यात आला होता.

## मर्व्ह आणि हेपा यांचे अर्थ

मर्व्ह ही १ ते १६ अशी श्रेणी आहे आणि ती प्रामुख्याने घरभर हवा फिरवणाऱ्या यंत्रणेत बसवायच्या फिल्टरांसाठी वापरतात. यातल्या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवे. मर्व्ह ८ हा ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण पकडतो, परंतु १ मायक्रॉनखालच्या कणांबाबत त्याच्याकडून कोणतीही अपेक्षा ठेवलेली नाही. म्हणजे धुळीपुरता तो ठीक आहे, धुरासमोर मात्र जवळपास निरुपयोगी. मर्व्ह १३ हा ०.३ ते १ मायक्रॉनचे किमान ५० टक्के, १ ते ३ मायक्रॉनचे किमान ८५ टक्के आणि ३ ते १० मायक्रॉनचे किमान ९० टक्के कण एकाच फेरीत अडवतो. धुराच्या प्रदेशात मी मर्व्ह १३ च्या खाली जाण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

हेपा त्याच्या वरचा. अमेरिकी व्याख्येनुसार तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण पकडतो, तर युरोपीय वर्गवारीतल्या एच १३ या वर्गासाठी सर्वांत निसटत्या आकारावर ९९.९५ टक्के ही अट आहे. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा-प्रकारचा’ अशा शब्दांना मात्र कोणत्याही मानकाचे बंधन नसते, त्यामुळे वर्ग किंवा चाचणीचे नाव छापलेले नसेल तर ते शब्द विचारात घेऊ नयेत.

वरचा दर्जा म्हणजे दाट तंतू, आणि दाट तंतूंतून हवा ढकलायला पंख्याला जोर लागतो. मध्यवर्ती यंत्रणेचा पंखा तेवढ्या जोराचा नसेल आणि तिच्यात अतिशय दाट फिल्टर बसवला, तर हवेचा प्रवाह मंदावतो, यंत्रावर ताण येतो आणि दिवसभरात कमी हवा गाळली जाते. यंत्रणा किती दाटपणा झेलू शकते हे तिच्या पुस्तिकेत पाहूनच दर्जा वाढवावा. जाड चौकटीच्या फिल्टरमध्ये घड्या अधिक असल्याने गाळण्याचे क्षेत्रफळ वाढते आणि त्याच दर्जात अडथळा कमी होतो, म्हणून जागा असेल तर जाड फिल्टर घ्यावा.

## टक्केवारीपेक्षा प्रवाह महत्त्वाचा

बहुतेक जण फसतात ते इथे. समजा एक यंत्र तासाला १०० घनमीटर हवा ओढते आणि तिच्यातले ९९.९७ टक्के कण काढते, तर दुसरे तासाला २५० घनमीटर ओढते आणि ८० टक्केच काढते. पहिल्याने तासाभरात सुमारे १०० घनमीटर स्वच्छ हवा दिली, दुसऱ्याने २००. खोलीतली हवा पुन:पुन्हा यंत्रातून जाणार असल्यामुळे पहिल्या फेरीत सुटलेला कण पुढच्या फेरीत पकडला जातो, आणि खोली लवकर स्वच्छ होते ती दुसऱ्या यंत्राने. प्रवाह आणि पकड यांच्या या गुणाकारालाच सीएडीआर, म्हणजे स्वच्छ हवा पुरवण्याचा दर, असे म्हणतात. माझ्या मते यंत्राचा एकच आकडा पाहायचा असेल तर तो हाच. बाहेरची ताजी हवा एकदाच गाळून आत सोडणारी यंत्रणा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कणाला पकडण्याची दुसरी संधी मिळत नाही, म्हणून टक्केवारीला खरे महत्त्व येते.

हिशेब सोपा आहे. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. ती तासाला ५ वेळा स्वच्छ व्हावी हे लक्ष्य धरले, तर १८० घनमीटर प्रतितास एवढा सीएडीआर लागतो. काही यंत्रांवर हा आकडा घनफूट प्रतिमिनिटात असतो, त्याला १.७ ने गुणले की घनमीटर प्रतितास मिळतात. छापलेला आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो आणि पूर्ण वेगात यंत्राचा आवाज एवढा होतो की रात्री बहुतेक लोक ते मंद करतात, म्हणून शयनगृहासाठी गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊन ते मध्यम वेगात चालवणे शहाणपणाचे असते.

आता गळतीचा विचार करू. गळक्या होडीतले पाणी उपसताना भोक केवढे आहे यावर उपसणाऱ्याचे यश ठरते. दारे-खिडक्या बंद असतानाही फटींतून तासाला एकदा खोलीभर हवा बदलते असे मानू, आणि यंत्र तासाला ४ खोल्या भरतील एवढी हवा स्वच्छ करते असे धरू. घरात धुराचा दुसरा उगम नसेल आणि आपोआप खाली बसणारे कण सोडून दिले, तर आतली पातळी बाहेरच्या एक पंचमांशावर, म्हणजे २० टक्क्यांवर स्थिरावते. त्याच खोलीची खिडकी उघडली आणि हवा तासाला १० वेळा बदलू लागली, तर तेच यंत्र चालू असूनही आतली पातळी बाहेरच्या ७१ टक्क्यांच्या आसपास राहते. खिडकीच्या चौकटीला लावलेली रबराची पट्टी हीदेखील हवा स्वच्छ करण्याचीच तजवीज असते, ती अशी.

## कोणत्या हवेला कोणता फिल्टर

धुळीच्या प्रदेशात मुख्य फिल्टरच्या पुढची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर, सर्वांत महत्त्वाची. ती काढून सहज धुता किंवा झाडता आली पाहिजे, नाहीतर जाड धूळ थेट मुख्य फिल्टरवर बसते आणि वर्षभर टिकणारा फिल्टर काही आठवड्यांत कोंदतो.

धुराच्या प्रदेशात हेपा किंवा किमान मर्व्ह १३, भरपूर प्रवाह आणि वासासाठी कोळशाचा थर, अशी रचना लागते. धुराची एक वेगळी अडचण आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. अनेक फिल्टरांच्या तंतूंवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार दिलेला असतो, त्याच्या ओढीने कमी दाट तंतूदेखील बारीक कण पकडतात. धुराचे तेलकट कण तंतूंवर पसरले की तो भार झाकला जातो आणि फिल्टर फारसा भरलेला दिसत नसतानाही त्याची पकड सैल होते. धुळीने भरलेला फिल्टर हवा अडवून आपली अवस्था कळवतो. धुराने थकलेला फिल्टर हवा सुरळीत जाऊ देतो आणि तिच्याबरोबर कणही जाऊ देतो. म्हणून धुराचा मोसम संपला की, नेमून दिलेले महिने उरले असले तरी, फिल्टर बदलावा.

वणव्याच्या किंवा दाट धुराच्या दिवसांत यंत्र मिळेनासे झाले तर एक घरगुती रचना खरोखर उपयोगी पडते. अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेतून पुढे आलेल्या या पेटीत मर्व्ह १३ चे चार फिल्टर चार भिंतींसारखे जोडतात, तळाला पुठ्ठा लावतात, वर चौकोनी पंखा बसवतात आणि सगळे सांधे चिकटपट्टीने बंद करतात. तिचा प्रवाह मोठा असतो, आणि प्रवाहाचे महत्त्व आपण वर पाहिलेच.

वाहत्या रस्त्यालगत कण आणि वायू दोन्ही असतात, त्यामुळे तिथे हेपाच्या जोडीला कोळसा हवाच. परागकणांचा त्रास असेल तर मध्यम दर्जाचा फिल्टरही पुरतो, कारण ते कण मोठे असतात. मात्र ते लवकर खाली बसत असल्याने ओल्या फडक्याने पुसणे आणि अंथरूण स्वच्छ ठेवणे यांचा वाटा यंत्राइतकाच मोठा असतो. भिंतींना ओल येऊन बुरशी धरत असेल तर यंत्र हवेतले बीजाणू पकडेल, परंतु ओल तशीच राहिली तर बुरशी नवे बीजाणू सोडतच राहणार, आणि तिथे आधी गळतीची दुरुस्ती लागते.

## वास आणि वायू यांचे काय?

हेपा वायूला अडवू शकत नाही. वायूंसाठी सक्रिय कोळसा लागतो. त्याच्या अतिसूक्ष्म भोकांमुळे एका ग्रॅम कोळशाच्या आत शेकडो चौरस मीटरचे पृष्ठफळ दडलेले असते आणि त्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून बसतात. जागा भरली की काम थांबते, म्हणून कोळशाचे वजन विचारावे. काळा रंग दिसावा एवढीच पूड शिंपडलेला पातळ स्पंज काही दिवसांत भरतो, तर किलोच्या हिशेबात दाणे भरलेला थर महिनोन्‌महिने काम करतो. ओझोन आणि बऱ्याच रंग-द्रावकांचे वास कोळशाने कमी होतात. नव्या लाकडी सामानातून येणारा फॉर्माल्डिहाइड साध्या कोळशाला नीट चिकटत नाही, त्याला रासायनिक प्रक्रिया केलेला थर लागतो. कार्बन मोनॉक्साइड तर यांपैकी कोणत्याच फिल्टरने निघत नाही; तो जीवघेणा असल्यामुळे जळणाची उपकरणे असलेल्या घरात त्याचा इशारा देणारे यंत्र स्वतंत्रपणे लावलेच पाहिजे.

## ‘पण खिडक्या बंद ठेवून गुदमरायचे का?’

हा आक्षेप रास्त आहे. माणसे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि फिल्टर तो काढत नाही, त्यामुळे बंद खोलीत काही तासांनी जडपणा येतो. उपाय वेळ साधण्याचा आहे: दिवसातल्या ज्या तासांत बाहेरचा आकडा सर्वांत खाली असतो त्या वेळी खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलावी, मग बंद करून यंत्र पूर्ण वेगात चालवावे आणि नंतर मंद करावे. घरातच तळण-भाजण किंवा धूप चालू असेल तर तो धूर उगमापाशीच बाहेर काढणारा पंखा प्युरिफायरपेक्षा अधिक उपयोगाचा.

‘एसी आहे, त्यात जाळी आहे, तेवढे पुरे नाही का?’ असेही विचारले जाते. भिंतीवरच्या नेहमीच्या एसीतली जाळी त्या यंत्राला जाड धुळीपासून वाचवण्यासाठी असते. बारीक कण तिच्यातून आरपार जातात, आणि असा एसी सहसा बाहेरची ताजी हवाही आत आणत नाही.

‘आयन सोडणारे किंवा ओझोन सोडणारे यंत्र बिनफिल्टरचे असते, तेच बरे’ हा समज मात्र सोडून द्यावा. ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करणारा वायू आहे. कॅलिफोर्निया राज्याने तर घरगुती प्युरिफायरमधून येणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५ भाग अशी मर्यादा घातली आहे.

कुंडीतल्या झाडांचा प्रश्न भावनेचाही आहे. १९८९ मध्ये नासाने केलेले प्रसिद्ध प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की, इमारतीत एरवीच होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडे लागतील. झाडे जरूर लावावीत, पण हवेची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये.

## बसवल्यावर खात्री कशी करायची

उत्तम फिल्टरही चौकटीत सैल बसला तर हवा त्याला बगल देऊन जाते, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते. यंत्र चालू असताना पातळ कागदाची बोटभर पट्टी फिल्टरच्या कडेने हळूहळू फिरवावी. जिथे ती फटीत ओढली जाईल तिथे फट आहे, आणि ती फेसाच्या पट्टीने बुजवावी. वापरलेला फिल्टर बाहेर काढल्यावर घड्यांचे माथे राखाडी झालेले दिसतात. चौकटीच्या आतल्या कडेवरही राखाडी रेघ उमटलेली असेल तर तिथून न गाळलेली हवा जात होती, असे समजावे. हेपा कागद धुऊ नये. पाण्याने तंतूंची रचना बिघडते आणि पकड जाते. ‘धुता येणारा’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच तो धुवावा.

कण मोजणारे छोटे घरगुती उपकरण मिळाले तर त्याच्या एकट्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण ही उपकरणे प्रकाश किती विखुरतो यावरून अंदाज बांधतात आणि दमट हवेत जास्त आकडा दाखवतात. तुलनेसाठी मात्र ती चांगली. आधी बाहेर अर्धा तास, मग यंत्र बंद असलेल्या खोलीत अर्धा तास, आणि मग दारे-खिडक्या लावून यंत्र पूर्ण वेगात अर्धा तास, असे तीन आकडे टिपावेत. खोलीच्या मापाचे यंत्र असेल तर तिसरा आकडा दुसऱ्याच्या निम्म्याखाली यायला हवा. तो आला नाही तर पंख्याचा वेग, खिडकीच्या फटी आणि फिल्टरची बैठक या क्रमाने तपासावे. यंत्र नवेकोरे असेल तर त्याआधी झाकण उघडून पाहावे, कारण फिल्टर ज्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येतो ती पुष्कळदा काढायचीच राहून गेलेली असते.